चिरकारी थकवा लक्षणसमूह

चिरकारी थकवा लक्षणसमूह : विश्रांतीनेही न जाणारा तीव्र थकवा, स्नायुवेदना, झोपेनंतरही न येणारी टवटवी आणि स्मृती व एकाग्रता यांतील उणिवा ही लक्षणे असलेला दीर्घकालीन विकार. अल्पशा श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ही लक्षणे बळावतात व दीर्घकाळ टिकतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. ‘मायाल्जिक एनसेफॅलोमायलायटिस’ (एमई) या नावानेही तो ओळखला जातो. त्याचे निश्चित निदान करणारी एकही प्रयोगशालेय चाचणी उपलब्ध नाही. त्यामुळे तो शारीरिक की मानसिक, हा वाद अनेक दशके चालला आणि रुग्णाला कोणता उपचार मिळणार, हे त्या वादाच्या निर्णयावर अवलंबून राहिले.

पूर्वेतिहास : १९३४ मध्ये बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) साथीच्या वेळी अमेरिकेतील लॉस अँजेल्स येथील सार्वजनिक रुग्णालयातील १९८ कर्मचाऱ्यांना एका वेगळ्याच आजाराने ग्रासले. १९४८ मध्ये आइसलँडमधील आकुरेरी येथे तशीच साथ आढळली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १३ जुलै ते २४ नोव्हेंबर १९५५ या काळात २९२ कर्मचारी आजारी पडले आणि २५ जुलै ते ५ ऑक्टोबरपर्यंत रुग्णालय बंद ठेवावे लागले. आधीपासून दाखल असलेल्या रुग्णांपैकी मात्र केवळ १२ जणांना बाधा झाली. १९५६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकातील संपादकीयात या आजाराला ‘सौम्य मायाल्जिक एनसेफॅलोमायलायटिस’ हे नाव सुचविण्यात आले. त्यात मृत्यू येत नसल्याने ‘सौम्य’ हे विशेषण योजले होते. तथापि अनेक रुग्ण वर्षानुवर्षे अपंगावस्थेत राहत. या रुग्णालयातील संसर्गजन्य रोगांचे तज्ञ मेल्व्हिन रॅम्झी यांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

उन्मादाचा सिद्धांत : १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणात हा विकार तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) विकारांत घातला. पुढच्याच वर्षी कॉलिन मॅकइव्हेडी व बिअर्ड या मानसचिकित्सकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रॉयल फ्रीची साथ हा सामूहिक उन्माद असल्याचे मत मांडले. रुग्णांत स्त्रियांचे आधिक्य हा त्यांचा एक आधार होता. त्यांनी रुग्णांना प्रत्यक्ष तपासले नव्हते, जुन्या नोंदींवरूनच निष्कर्ष काढला होता. तरीही या मताचा वैद्यकीय व्यवसायावर मोठा प्रभाव पडला. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये एमई असोसिएशन ही संघटना स्थापन झाली.

नाव व व्याख्या : १९८४-८५ मध्ये अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात इन्क्लाइन व्हिलेज येथे असेच अनेक रुग्ण आढळले. एपस्टाइन-बार व्हायरस हे त्याचे कारण असावे, हा प्रारंभीचा अंदाज सिद्ध झाला नाही. १९८८ मध्ये ‘चिरकारी थकवा लक्षणसमूह’ हे नाव रूढ झाले. सर्वांना अधूनमधून येणाऱ्या थकव्याशी या नावामुळे गल्लत होते, अशी रुग्णांची तक्रार होती. १९९४ च्या व्याख्येत श्रमानंतर लक्षणे बळावणे हे आठ वैकल्पिक लक्षणांपैकी एक ठरविण्यात आले. परिणामी ज्यांच्यात हे लक्षण नाही अशा व्यक्तींचाही संशोधनात समावेश होऊ शकला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या विकारासाठी मिळालेल्या निधीपैकी लक्षावधी डॉलर अन्यत्र खर्च केल्याचे १९९९ च्या सरकारी तपासणीत उघड झाले. अनिश्चिततेचा ताण रुग्णांच्या आशेवरही पडला : २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने एक्सएमआरव्ही या व्हायरसाशी संबंध जोडणारा निबंध प्रसिद्ध केला, पण तो प्रयोगशाळेतील दूषितीकरणाचा परिणाम असल्याचे दिसून आल्याने २०११ मध्ये निबंध मागे घेण्यात आला.

उपचारांचा वाद : रुग्ण श्रमाच्या भीतीने निष्क्रिय होतो व म्हणून दुर्बळ राहतो, या गृहीतकावर क्रमवर्धी व्यायामाचा उपचार उभा होता. ब्रिटनमधील ६४१ रुग्णांवरील ‘पेस’ चाचणीने २०११ मध्ये त्याला व बोधनात्मक वर्तनचिकित्सेला अनुकूल निष्कर्ष काढला. व्यायामाने प्रकृती ढासळते, असे रुग्णसंघटना सांगत होत्या. चाचणी चालू झाल्यानंतर ‘बरे होणे’ याचे निकष शिथिल केल्याचे रुग्णांनी दाखवून दिले : शारीरिक क्षमतेचे ६५ गुण असलेला रुग्ण चाचणीत प्रवेशास पात्र होता, तर सुधारित निकषात ६० गुण पुरेसे होते. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर आधारसामग्री खुली झाली. मूळ निकषांनुसार केलेल्या फेरविश्लेषणात बरे होण्याच्या प्रमाणात उपचारगटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मूळ संशोधक मात्र आपल्या निष्कर्षांवर ठाम राहिले.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये हा गंभीर शारीरिक विकार असल्याचे मान्य करून श्रमोत्तर लक्षणवृद्धी निदानासाठी आवश्यक ठरविली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये शिफारस केलेला क्रमवर्धी व्यायाम ऑक्टोबर २०२१ मध्ये वगळला. काही तज्ञांनी त्यास विरोध नोंदविला. २०२० नंतर कोविड-१९ मधून उठलेल्या अनेकांत तशीच लक्षणे दिसू लागल्याने या इतिहासाला नवे महत्त्व आले. विकाराची कारणमीमांसा अद्याप अपूर्ण आहे. तथापि चाचणीत दोष न आढळणे म्हणजे दोष नसणे नव्हे, हे रुग्णांचे म्हणणे वैद्यकाने दीर्घ कालावधीनंतर विचारात घेतले आणि तोपर्यंत अनेकांना हानी पोहोचविण्याची शक्यता असलेला उपचार मिळत राहिला.