वायर उलटी जोडा : कारमधली कॅसेट आणि आपले आवाज

औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) औद्योगिक इतिहासात २००१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा या चेक कंपनीने ऑक्टाव्हिया कारची जुळणी सुरू केली. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून होताच. त्याच २००१च्या २३ ऑक्टोबरला तिकडे अमेरिकेत अ‍ॅपलने आयपॉड जाहीर केला. पाच जीबीच्या त्या डबीत सुमारे १००० गाणी मावत. पण ती डबी गाडीतल्या स्टिरिओला जोडायची कशी? त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत कॅसेट घालायची फट होती, बाहेरून वायर लावायची सोय नव्हती.

प्रश्न किरकोळ वाटेल. पण त्याची जी उत्तरे निघाली, त्यांचा इतिहास पाहिला तर आपल्या समाजातले कितीतरी आवाज कुठे मागे राहिले, हेही कळते.

आधी कॅसेटविषयी. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली. लू ओटेन्स हे त्यामागचे अभियंते. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि संगीत खिशात गेले. भारतात खरी उलथापालथ झाली १९८० च्या दशकात. तोवर रेकॉर्डच्या बाजारावर एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने आणि असंख्य छोट्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेट काढून ती मोडली. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी याच बदलावर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिले. स्वस्त कॅसेटमुळे प्रादेशिक भाषांना, लोकसंगीताला आणि धार्मिक गायनाला बाजार मिळाला, हे त्यांनी दाखवले.

मराठवाड्यात याचा अर्थ फार सरळ होता. जीप, ट्रक, काळी-पिवळी, रिक्षा अशा गाड्यांतून टेप वाजू लागले. त्यात सिनेमाची गाणी होती, तशी कव्वाली, नात आणि तकरीरही होती. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा एकच गायक भीमगीते, विठ्ठलगीते आणि कव्वाली तिन्ही गात होता. एका टेपवर तिन्ही श्रोते खूश!

कॅसेटची आणखी एक खुबी होती. ती कोणालाही भरता येत असे. घरातला मिलाद, गल्लीतला मुशायरा, उर्सातली कव्वाली, लग्नघरात बायकांनी ढोलकवर म्हटलेली दकनी गाणी, एखाद्या मौलानांचे बयान हे सगळे बटण दाबून टिपता येत होते. दुहेरी डेक असला की प्रतही काढता येई. यासाठी ना कंपनीची गरज होती, ना आकाशवाणीच्या परवानगीची.

मग सीडी आली. खिशातला सीडी प्लेअर गाडीतल्या जुन्या डेकला जोडायची युक्ती अमेरिकी अभियंता लॅरी शॉट्झ यांनी १९८० च्या दशकात काढली. कॅसेटच्याच आकाराचा डबा, त्यातून निघालेली एक वायर. डब्यात फीत नसते, एक छोटे हेड असते. ते डेकच्या हेडला टेकते आणि वायरीतून आलेला आवाज चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे पोहोचवते. डेकला वाटते फीतच फिरते आहे. आत दातेरी चाके असतात तीही यासाठीच, नाहीतर फीत संपली असे समजून डेक थांबेल. हाच डबा पुढे आयपॉडच्या कामी आला.

दुसरा उपाय एफएम ट्रान्समीटरचा. प्लेअरचा आवाज छोट्या लहरींवर सोडायचा आणि गाडीच्या रेडिओवर पकडायचा. जवळपासच्या जागेवर एखादे स्टेशन लागले की खरखर सुरू. नंतर गाड्यांत ‘ऑक्स’चे ३.५ मिलिमीटरचे छिद्र आले. त्यात बसणारी पिन ही एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या मोठ्या पिनेची धाकटी बहीण. त्यानंतर पेन ड्राइव्ह आला, मग ब्लूटूथ. वायरही गेली.

या सगळ्या युक्त्यांत एक गोष्ट समान आहे. त्या नव्या यंत्रातला आवाज जुन्या स्टिरिओपर्यंत नेत होत्या. जुन्या फितीवरचा आवाज नव्या यंत्रात आणायची घाई कोणालाच नव्हती. कंपन्यांच्या गाण्यांचे ठीक होते. त्यांना मालक होता, बाजार होता, म्हणून ती सीडीवर आली, मग मोबाइलवर. घरात भरलेल्या कॅसेटला मालक नव्हता. गाडीतला डेक काढून नवा स्टिरिओ बसवला, तेव्हा कितीतरी घरांतले कॅसेट वाजवणारे शेवटचे चालू यंत्रही भंगारात गेले. कॅसेट मात्र कपाटावर राहिल्या.

याच शहरातले अठराव्या शतकातले शायर सिराज औरंगाबादी यांचे उदाहरण घ्या. त्यांची गझल आबिदा परवीन यांनी गायली, कव्वाल आजही गातात. ती आपल्यापर्यंत पोहोचली, कारण छापखाना नसताना लोकांनी त्यांचा कलाम हाताने उतरवून घेतला. कलाम थोर होता, हे खरेच. पण कोणी नक्कलच केली नसती, तर तो थोर होता हे आपल्याला कळले तरी कसे असते?

आपल्या कॅसेटची नक्कल आपणच करायची आहे आणि त्यासाठी तीच वायर पुरते. फक्त उलटी जोडायची. चालू टेप किंवा वॉकमनच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढा आणि संगणकाच्या ‘लाइन-इन’मध्ये लावा. लॅपटॉपला ते छिद्र नसेल, तर लाइन-इन असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्या. टेपचा आवाज सुरुवातीला अगदी कमी ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंग फाटते. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटेच लागतात, त्यात पळवाट नाही. फितीवर बुरशी दिसली तर ती लगेच वाजवू नका, जाणकाराला दाखवा. आतली छोटी स्पंजची पट्टी निखळली असेल, तर फीत दुसऱ्या चांगल्या डब्यात बसवता येते.

आणि एक काम यंत्र करणार नाही. आवाज कोणाचा, जागा कोणती, साल कोणते, प्रसंग कोणता, हे फाइलच्या नावात लिहा. हे सांगू शकणारी माणसे अजून घरात आहेत. फितीइतकेच त्यांचेही वय झाले आहे, म्हणून सुरुवात त्यांना विचारण्यापासून करा.