पुलाखालची आग

श्रोतेहो, पूल म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम पाणी उभें राहतें. पावसाळ्यांत नदी फुगते, कमानींच्या माथ्याला पाणी टेकतें, गांवकरी काठावर जमतात आणि पूल टिकतो कीं जातो याची चर्चा सुरू होते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांत मुठेच्या पुलांवरून पाणी कसें गेलें, हें वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलेलें आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानींतील दगडी पूल पुरानें नेला, आणि त्याच्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्याही गेल्या. तात्पर्य, पुलाचा वैरी पाणी, अशी आपली पिढीजात समजूत आहे. आज ज्या वैऱ्याविषयीं मी बोलणार आहें तो निराळा आहे. तो अग्नि होय. आणि बहुतेक वेळां त्याला आमंत्रण आपणच दिलेलें असतें.

जुन्या लंडन पुलाचें उदाहरण प्रथम घेऊं. पीटर नांवाच्या एका धर्मगुरूनें ११७६ मध्यें टेम्स नदीवर या दगडी पुलाचें काम आरंभिलें व १२०९ मध्यें तें तडीस गेलें. पुढें पुलावर दुतर्फा घरें व दुकानें उभीं राहिलीं; पुलाच्या डागडुजीसाठीं त्यांचें भाडें उपयोगी पडे. परंतु पूल पुरा होऊन तीन वर्षें होतात न होतात तोंच, १२१२ मध्यें, नदीच्या दक्षिण तीरावर आग लागली. ती पाहण्यास व विझविण्यास लोक पुलावर धांवले; इतक्यांत वाऱ्यानें ठिणग्या पलीकडे नेल्या, उत्तरेकडचें टोंकही पेटलें, आणि ती गर्दी दोन ज्वाळांच्या मध्यें सांपडली. मृतांचा आंकडा तीन हजार होता असें मागाहूनच्या बखरकारांनीं लिहिलें आहे. हल्लींचे इतिहासकार तो फुगविलेला मानतात. पण अनर्थ मोठा झाला यांत शंका नाहीं. १६३३ मध्यें पुलाच्या उत्तरेकडचीं घरें पुन्हां जळालीं. तेथील कांहीं जागा मोकळीच राहिली, आणि १६६६ च्या प्रसिद्ध अग्निप्रलयांत पुलावर आलेली आग त्या मोकळ्या जागेशीं येऊन थांबली. पुलाचा दगड कधींच पेटला नव्हता. पेटलें तें माणसानें त्यावर रचलेलें लांकूडसामान. आणि जेथें तें नव्हतें तेथें आगीला पाऊल टाकतां आलें नाहीं. पुढील हकीकत ऐकतांना हें ध्यानांत ठेवावें.

आतां आपण अमेरिकेंतील अटलांटा शहरीं जाऊं. या शहराचा जन्मच मुळीं रस्त्यांच्या पोटीं झालेला आहे. १८३७ मध्यें जॉर्जिया संस्थानांत एक लोहमार्ग जेथें संपवावयाचा ठरला, त्या रानांतल्या जागेला लोक ‘टर्मिनस’ म्हणजे शेवटचें ठाणें म्हणूं लागले. त्याचेंच पुढें अटलांटा झालें. १८६४ मध्यें, अमेरिकेच्या यादवी युद्धांत, सेनापति शेर्मन याच्या फौजेनें या शहराचा मोठा भाग जाळला. म्हणून शहराच्या मुद्रेवर राखेंतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे. १९५६ च्या कायद्यानें देशभर महामार्गांचें जाळें विणण्याचें काम सुरू झालें, आणि ‘आय-८५’ नांवाचा महामार्ग या शहरांतून गेला. शहराच्या उत्तर भागांत तो जमिनीपासून उंच, काँक्रीटच्या खांबांवर उचललेला आहे. २०१७ सालीं त्यावरून दररोज सुमारें दोन लक्ष चाळीस हजार वाहनें जात.

वाहनें वर जात, आणि पुलाखालची जागा रिकामी असे. रिकामी जागा माणसाला बघवत नाहीं. तेथें कुंपण घालून संस्थानच्या वाहतूक खात्यानेंच प्लॅस्टिकच्या नळ्यांचीं मोठमोठीं भेंडोळीं रचून ठेविलीं होतीं. तारा घालण्यासाठीं त्या नळ्या आणल्या होत्या. त्या उपयोगांत आल्या नाहींत व वर्षानुवर्षें तेथेंच पडून राहिल्या. प्लॅस्टिक नुसतें पडून असतांना निरुपद्रवी दिसतें. पण तें मूळ खनिज तेलाचेंच अपत्य आहे, आणि एकदां नीट पेटलें म्हणजे तेलासारखेंच जळतें.

३० मार्च २०१७, गुरुवार. संध्याकाळीं सहाच्या सुमारास, म्हणजे कचेऱ्या सुटून लोक घरीं परतण्याच्या वेळीं, पुलाखालून धूर निघूं लागला. पाहतां पाहतां ज्वाळा पुलाच्या कठड्यांवर चढल्या व काळ्या धुरानें आकाश भरून गेलें. अग्निशामक दल आलें, पोलिसांनीं दोन्ही बाजूंनीं रस्ता बंद केला. सातच्या सुमारास उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याचा सुमारें ९२ फूट लांबीचा भाग खालीं कोसळला. तासाभरापूर्वीं ज्या ठिकाणीं शेंकडों मोटारी होत्या तेथें आतां एकही नव्हती. एकाही माणसाचा प्राण गेला नाहीं, कोणी जखमी झालें नाहीं. पडलेला पूल सर्व जगानें चित्रांतून पाहिला; पण वेळेवर रस्ता अडविणाऱ्या शिपायाचें चित्र कोणी जपून ठेविलें असेल असें मला वाटत नाहीं. त्या सायंकाळचें खरें यश त्याचेंच होतें.

येथें एखादा चिकित्सक श्रोता विचारील कीं, काँक्रीट तर जळत नाहीं, मग पूल पडला कसा? मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकवीत असे, म्हणून थोडें विषयांतर क्षम्य मानावें. पोलाद वितळण्यास सुमारें १,५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. अशा आगींत तें वितळत नाहीं. परंतु तें वितळावें लागतच नाहीं. लोहाराच्या भात्यापुढें आपण पाहतों कीं लाल झालेलें लोखंड घन असूनही घणाखालीं वांकतें. साडेपांचशें ते सहाशें अंशांच्या दरम्यान पोलादाचें बळ जवळजवळ निम्म्यावर येतें. पूल मात्र स्वतःचें ओझें पूर्ववत् वाहत असतो. काँक्रीटची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या पोटांत पाण्याचा अंश असतो. त्याची वाफ होते, कवच तडकून ढलपे उडतात, आणि आंतल्या ताणलेल्या पोलादी तारा उघड्या पडून ढिल्या होतात. त्या तारांच्या ताणावरच तुळईची सारी ताकद अवलंबून असते. ताण गेला कीं तुळई गेली.

आग लावल्याचा आरोप एका इसमावर ठेवण्यांत आला. पण तपास करणाऱ्या राष्ट्रीय मंडळानें तेथेंच न थांबतां पुलाखालीं रचलेल्या त्या जळाऊ मालाकडेही बोट दाखविलें. हें न्याय्यच झालें. ठिणगी कोणाचीही असो, सरण आधींच रचलेलें होतें, आणि तें रचणारा हात पुलाच्या राखणदाराचाच होता.

पुढें सहा आठवडे अटलांटाकरांनीं वळसे घेऊन प्रवास केला. कित्येकांनीं मोटार घरीं ठेवून ‘मार्टा’ या शहरी आगगाडीची वाट धरली. दोन्ही बाजू मिळून सुमारें ७०० फूट पूल पाडून नव्यानें बांधावा लागला. १५ जूनची मुदत होती. रस्ता मे महिन्याच्या मध्यासच खुला झाला. राखेंतून उठण्याची त्या शहराला संवय आहेच!

हा प्रकार एकटा नाहीं. २९ एप्रिल २००७ रोजीं पहांटे कॅलिफोर्नियांत ओकलंड येथें सुमारें ३२ हजार लिटर पेट्रोलनें भरलेली टाकीगाडी उलटून पेटली, आणि तिच्या डोक्यावरून जाणारा दुसरा रस्ता पोलादी तुळया मऊ पडून खालच्या रस्त्यावर आडवा झाला. चालक भाजला, पण वांचला. तेथील दुरुस्तीची कथा मौजेची आहे. कंत्राटदारानें काम ८,६७,०७५ डॉलरांत, म्हणजे दिसण्यांत तोट्याच्या भावानें, घेतलें. कारण मुदतीपूर्वींच्या प्रत्येक दिवसास दोन लक्ष डॉलर आणि जास्तींत जास्त पन्नास लक्ष डॉलर इतकें बक्षीस लावलेलें होतें. त्यानें २७ जूनची मुदत असतां २४ मे रोजींच रस्ता खुला करून दिला आणि सर्व बक्षीस पदरांत पाडून घेतलें. ११ जून २०२३ रोजीं फिलाडेल्फिया येथें तसाच अपघात झाला व तेथें मात्र चालक दगावला. फेसाळ कांचेच्या हलक्या खड्यांची भर घालून अवघ्या बारा दिवसांत तेथें तात्पुरता रस्ता सुरू करण्यांत आला.

त्यानंतर दोनच दिवसांनीं, १३ जून २०२३ रोजीं, आपल्याकडे लोणावळ्याजवळ मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाच्या पुलावर मिथेनॉल नेणारी टाकीगाडी उलटली. पूल उभा राहिला. पण जळतें द्रव खालच्या रस्त्यावर सांडलें, आणि चार माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां हीं संकटें सातासमुद्रांपलीकडचीं आहेत, असें समजण्याचें कारण नाहीं.

शेवटीं एक घरची गोष्ट सांगतों. मी ज्या शाळेंत होतों तिला वर जाण्यास एकच लांकडी जिना होता. त्या जिन्याखालीं मोडकीं बाकें, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि स्नेहसंमेलनाचे पडदे ठेविलेले असत. त्या जागेची किल्ली माझ्याकडे होती. एके दिवशीं उष्णतेचा धडा चालूं असतां सातवींतल्या एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, खालीं आग लागली तर आम्ही उतरायचें कोठून?” वर्ग हंसला, मीही हंसलों. ती अडगळ हलविण्यास त्यानंतर दोन वर्षें लागलीं. रद्दीचा लिलाव कोणी करावयाचा याचा निकाल लागत नव्हता. त्या दोन वर्षांत कांहीं घडलें नाहीं, यांत माझी पुण्याई कांहीं नाहीं.

अटलांट्याचें चित्र मीं प्रथम पाहिलें तेव्हां मला त्या मुलीचा प्रश्न आठवला. वाहतूक खात्यांतही कोणी तरी किल्लीवाला असेल, आणि त्यालाही ती जागा रिकामीच दिसली असेल. श्रोतेहो, आपण ज्या पुलांवरून रोज जातां त्यांच्या खालीं काय काय ठेविलेलें आहे, तें एकदां थांबून पाहावें. आणि मग घरीं येऊन आपल्या जिन्याखालींही पाहावें.