निशाणी डावा अंगठा

जुन्या दस्तऐवजांच्या तळाशी, ज्याला सही करता येत नसे त्याच्या नावापुढे ‘निशाणी डावा अंगठा’ असे शब्द आढळतात. साक्षराने सही करावी आणि निरक्षराने अंगठा उठवावा, ही वाटणी आपल्या भाषेने इतकी पक्की केली की ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द केवळ उपहासापुरता उरला. रमेश इंगळे उत्रादकर यांनी साक्षरता मोहिमेवरील आपल्या कादंबरीला हेच शीर्षक दिले आहे. आज मात्र पदवीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्याकडेच परीक्षेपूर्वी अंगठा मागितला जातो. घरबसल्या द्यावयाच्या ऑनलाइन परीक्षेत चेहरा आणि प्रसंगी सारी खोली कॅमेऱ्याला दाखवावी लागते. याविषयीची विद्यार्थ्यांची नाराजी निव्वळ हट्ट म्हणून बाजूला सारता येईल असे आम्हांस वाटत नाही. तिला इतिहास आहे.

१८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारनाम्यावर घेतला. पुढे आपली सही नाकारण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ नये, असा धाक बसवणे हा आपला हेतू होता, हे हर्शेलने स्वतःच नमूद केले आहे. ठशाच्या जन्मापाशी शास्त्र नव्हते, अविश्वास होता. शास्त्र मागाहून आले. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली आणि एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवली.

या अविश्वासाला पहिले मोठे उत्तर ट्रान्सवालमध्ये मिळाले. तेथील भारतीयांवर नोंदणीची आणि ठशांची सक्ती येताच ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात प्रतिकाराची शपथ घेण्यात आली. परंतु १९०८ च्या आरंभी तडजोड झाल्यावर गांधीजींनी तेच ठसे स्वेच्छेने देऊ केले, आणि त्यापायी संतापलेल्या स्वकीयांचा मारही खाल्ला. सरकारने सक्तीचा कायदा मागे घेतला नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये नोंदणीपत्रांची होळी झाली. त्यांचा आक्षेप बोटावरील शाईला नव्हता, सक्तीला होता.

हा भेद परीक्षेला लावून पाहिला म्हणजे खरी अडचण ध्यानात येते. नकार दिल्यास वर्ष बुडणार असेल, तर त्या संमतीला स्वेच्छा कसे म्हणावे? २०२० मध्ये अॅमस्टरडॅम विद्यापीठातील विद्यार्थी परिषदेने दूरस्थ पर्यवेक्षणाच्या सॉफ्टवेअरविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ती हरली, आणि २०२१ मध्ये अपीलही फेटाळले गेले. अमेरिकेत मात्र क्लीव्हलँड येथील सरकारी विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्यातून तपासली, ही घटनाबाह्य झडती ठरते, असा निर्णय तेथील संघराज्य न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात प्रवेशपरीक्षांसाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. न्यायालयांचे निकाल असे निरनिराळे आहेत. विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र सर्वत्र एकच आहे.

तोतया परीक्षार्थी असतात हे खरे, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक विद्यार्थ्याचीच जागा जाते हेही खरे. म्हणून ओळख पटवूच नये असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याला आपण अक्षरे शिकवली, त्याच्या सहीवर आपला विश्वास उरला नसेल, तर निदान त्याला ओळखपत्राचा, पर्यवेक्षकासमोर बसून पेपर लिहिण्याचा असा एखादा दुसरा मार्ग मोकळा ठेवावा. घेतलेल्या ठशाचे पुढे काय होते आणि तो केव्हा पुसला जातो, हेही त्याला आधी सांगावे. कोनाईला हे कुणी सांगितले नव्हते. शिक्षकांनी तरी हर्शेलची ती चाल पुढे चालवू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.