हरलेल्यांची नावं



मागच्या भागात आपण १०६६ सालची हेस्टिंग्जची लढाई पाहिली. अँग्लो-सॅक्सन राजा हॅरल्ड पडला, नॉर्मन विल्यमनं गादी घेतली, दरबारात फ्रेंच आली. पण देशाचं नाव 'इंग्लंड', म्हणजे अँगल लोकांची भूमी, हेच राहिलं. 'वेन्सडे' हा त्यांच्या वोडेन देवाचा वार आजही आपल्या मुलांच्या वेळापत्रकात आहे. राज्य गेलं, नावं उरली. असं आपल्याकडे कुठे घडलं? मी राहतो त्या जबलपुरातच घडलं.

फौजेत असताना इथे पहिल्यांदा पोस्टिंग झालं, तेव्हा रिक्षावाल्यांच्या तोंडून नावं ऐकली: राणीताल, चेरीताल, आधारताल. मला ती नुसती वस्त्यांची नावं वाटली. ताल म्हणजे तलाव. परंपरा सांगते, की राणीताल गढ्याच्या गोंड राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचा. राजधानीचा तो गढा आज शहरातला एक मोहल्ला आहे.

हे तलाव हौसेसाठी नव्हते. मदन महालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. त्या खडकात पाणी फार मुरत नाही, पाऊस पडला की धावत खाली येतं. ते पायथ्याशी आणि सखल भागात अडवलं, की विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहतं. दुर्गावतीचे सासरे संग्रामशहा यांच्या नावाचा संग्रामसागर त्याच टेकड्यांच्या कुशीत आहे.

आता लढाई. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला. राणीनं नर्रईची अरुंद जागा निवडली, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे गौर आणि नर्मदा. शत्रूची संख्या जास्त असेल तर त्याला पसरू द्यायचं नाही, हे आम्हाला अकादमीत शिकवलं, तिला ते ठाऊकच होतं. पहिल्या दिवशी तिनं मोगलांना मागे रेटलं. रात्रीच छापा घालावा असं तिचं मत होतं. सरदारांनी ऐकलं नाही. सकाळी आसफखानाच्या तोफा आल्या. बाण लागून घायाळ झालेल्या राणीनं आधारसिंहाला मला मार म्हटलं. त्याचा हात उठेना, तेव्हा तिनं स्वतःच खंजीर खुपसून घेतला. हे लिहून ठेवलंय अकबराच्याच दरबारातल्या अबुल फजलनं.

गोंड घराणं पुढे मंडल्याहून राज्य करत राहिलं. ते राज्य संपवलं कोणी? १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी, म्हणजे आपल्याच माणसांनी. अटकेपारच्या झेंड्याची गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो, तेव्हा हे पानही उलटायला हवं. ज्या नागपूरला आपण भोसल्यांचं म्हणतो, ते १७०२ च्या सुमारास वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदशहानं.

१८५७ च्या १८ सप्टेंबरला याच घराण्यातले शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना इंग्रजांनी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिलं. त्याच रात्री इथली ५२ वी नेटिव्ह इन्फंट्री उठली. राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती, तरी घराण्याच्या नावात एवढी ताकद होती.

आणि ते नाव जगभर गेलं. भूगर्भशास्त्रज्ञांनी इथल्या खडकांना 'गोंडवन' म्हटलं. पुढे ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसनं दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडालाच गोंडवनलँड नाव दिलं. आज ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंतची मुलं भूगोलात गोंडांचं नाव घेतात.

पण मंडळी, नुसतं नाव पुरतं का? राणीतालला आज क्रीडासंकुल आहे, चेरीताल ही वस्ती आहे. विद्यापीठाला दुर्गावतीचं नाव दिलं, पुतळे उभारले, २४ जूनला हारही घालतो. तिच्या लोकांनी अडवलेलं पाणी मात्र आपण बुजवलं आणि मे महिन्यात टँकरची वाट बघत बसतो.

वोडेनचा वार सांभाळायला इंग्रजांना काही करावं लागत नाही, तो दर आठवड्याला आपोआप येतो. तलावाचं तसं नाही. त्याचा गाळ काढावा लागतो, काठ राखावा लागतो. तुमच्या गावात एखाद्या वस्तीच्या नावात 'ताल', 'तळं' किंवा 'सागर' असेल, तर एकदा जाऊन बघा, तिथे पाणी आहे का. आणि नसेल, तर ते कधी आणि कसं गेलं, हे घरातल्या थोरांना विचारा.

जय हिंद.