खेटे मोजणारा आकडा

माघी पौर्णिमा झाली की पहिल्या रविवारी पहाटेच कोल्हापूर चालायला लागतं. पंचगंगा ओलांडायची, वडणगे, कुशिरे मागे टाकायचं, गायमुखावरून वाडी रत्नागिरीचा डोंगर चढायचा. बरीच माणसं अनवाणी असतात. वर जोतिबापुढं चांगभलं म्हणायचं, घरी यायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघायचं. असे पाच रविवार, पाच खेटे. हिमालयाकडे परत निघालेल्या जोतिबाला करवीरच्या अंबाबाईनं अनवाणी चालत येऊन थांबवलं, तेव्हापासूनची ही रीत, असं सांगतात.

दुसऱ्या खेट्याच्या संध्याकाळी मी गरम पाण्यात पाय बुडवून भाचीला पायथॉनमधला ‘फॉर’ लूप शिकवत होतो. तिनं ‘रेंज’च्या कंसात ५ लिहिले. पडद्यावर एकाखाली एक उमटले ०, १, २, ३, ४. “मामा, पाच कुठाय?” मला पटकन सांगता येईना. मग वहीत पाच रविवार मांडले. पहिल्या रविवारी घरून निघताना किती खेटे झालेले असतात? शून्य. शेवटच्या रविवारी निघताना? चार. फेरी तर पाच वेळा होते, पण निघताना हातात असतो तो आधी पुऱ्या झालेल्यांचा आकडा. तिला ते पटलं. लूपला कुणी आवर्तन म्हणतं, कुणी चक्र. आमच्या घरात तो तेव्हापासून खेटा झाला. मी मात्र त्या मोजणाऱ्या आकड्याच्या मागे लागलो. तो आला कुठून?

सुरुवातीला तो नव्हताच. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डनं भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं ओवून मागावर चढवली. माळेची दोन टोकं बांधली की नक्षी पुन्हा पहिल्यापासून. शंभर वर्षांनी, १९०४ साली, विठ्ठलराव दातारांनी आमच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. जॅकार्ड बसवलेल्या मागाशेजारी उभं राहिलं की ती माळ वर चढताना आणि फिरून खाली येताना दिसते. तिला फक्त पुढचं कार्ड ठाऊक असतं. आपण कितव्यांदा फिरतोय, हे तिला कळत नाही.

बॅबेजनं आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डं घेतली, पण ती मागे फिरवून पुन्हा वापरायची सोय योजली. १८४३ साली अॅडा लवलेसनं बर्नुली संख्या काढण्याची रीत त्या यंत्रासाठी लिहून दाखवली. कृती तीच, प्रत्येक फेरीत आकडे मात्र वेगळे. माझ्या मते खेट्याचा खरा जन्म इथला. वाट तीच असली तरी तिसऱ्या रविवारी चालणारा दोन खेटे गाठीला बांधून चालतो.

बॅबेजचं ते यंत्र काही उभं राहिलं नाही. १९४४ च्या हार्वर्ड मार्क-१ ला आज्ञा कागदी पट्टीवरून मिळत, आणि त्या पुन्हा पुन्हा हव्या असल्या तर पट्टीची टोकं चिकटवून खरोखरच कडं करत. मग २१ जून १९४८ ला मँचेस्टरच्या ‘बेबी’ संगणकानं स्वतःच्या स्मृतीत ठेवलेल्या सतरा आज्ञा चालवल्या. २,६२,१४४ चा त्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधायचा होता. यंत्र एकेक संख्या उतरत भागून पाहत होतं. ५२ मिनिटांनी उत्तर आलं. किती फेऱ्या, हे आधी ठरवलेलं नव्हतं. उत्तर मिळेपर्यंत चालायचं. डोंगरावर हाही प्रकार आहे. पाच खेटे मोजून होतात. नवस मात्र फिटेपर्यंत डोक्यावर असतो. पायथॉन त्याला ‘व्हाइल’ म्हणतो.

‘फॉर’ हा शब्द झुरिकचा. हाइन्त्स रुटिशाउसर यांनी १९५१ च्या सुमारास आपल्या प्रोग्रामिंग भाषेत जर्मन ‘फ्यूर’ वापरला, पुढे अल्गोलमध्ये तो इंग्रजी झाला. १ मे १९६४ ला डार्टमथमध्ये सुरू झालेल्या बेसिकनं त्याला नवशिक्यांच्या हाती दिलं. वर ‘फॉर’, खाली ‘नेक्स्ट’, आणि मोजणी बहुधा एकपासून. १९८४ पासून भारतातल्या काही शाळांत ‘क्लास’ नावाच्या योजनेतून बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यांच्यावरही बेसिकच होती.

१९६७ च्या लोगो या भाषेनं मात्र मोजणारा आकडा मुलाच्या नजरेआड केला. ‘रिपीट ४’ म्हणायचं, पुढे जा आणि नव्वद अंश वळ एवढं सांगायचं, की पडद्यावरचं कासव चौकोन काढतं. २००७ च्या स्क्रॅचमध्ये फेरीतल्या आज्ञा एका रंगीत ठोकळ्याच्या कवेत बसतात. आठ वर्षांच्या मुलाला हेच द्यावं. पण आकडा कधीतरी समोर आणावाच लागतो. तो आयता पडद्यावर दाखवण्याआधी मुलाला वहीत रेघा ओढू द्याव्यात. भाचीच्या वहीत त्या पाच रविवारांखाली अजून आहेत.

शेवटच्या रविवारी ती माझ्याबरोबर आली. गायमुखाशी पाणी पिताना मी विचारलं, “किती झाले?”

“चार,” ती म्हणाली. “पाचवा घरी पोचल्यावर.”