टेनिस एल्बो : शस्त्रक्रियेची वेळ केव्हा येते?

कोपराच्या बाहेरील हाडाच्या उंचवट्यापाशी सुरू होऊन मनगटाकडे उतरणारी वेदना म्हणजे ‘टेनिस एल्बो’. नाव खेळाचे असले, तरी बहुतेक रुग्ण कधी टेनिस खेळलेले नसतात. पाना आवळणे, कपडे पिळणे, जड वस्तू उचलणे अशा घट्ट पकडीच्या आणि मनगटावर ताण देणाऱ्या कामांतून हे दुखणे उद्भवते. सिल्वासानजीकच्या अथालसारख्या औद्योगिक परिसरात हातांच्या बळावर रोजी कमावणाऱ्याच्या दृष्टीने हा थेट चरितार्थाचा प्रश्न ठरतो.

विकाराचे स्वरूप

हा विकार प्रामुख्याने ३५ ते ५५ या वयोगटात आढळतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरील हाडाला जोडलेली असते. वारंवार ताण पडून तिच्यात सूक्ष्म चिरा पडतात आणि तेथील ऊती जीर्ण होते. त्यामुळे हा दाहापेक्षा झिजेचा विकार मानला जातो.

आधी शस्त्रक्रियेविना उपचार

कामाच्या पद्धतीत बदल, कोपराचा पट्टा आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम हे उपचारांचे मुख्य आधार होत. बहुसंख्य रुग्णांचे दुखणे वर्षभरात ओसरते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे चांगला आराम पडतो. मात्र ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के रुग्णांचे दुखणे वर्षभरात उलटले. औषधविरहित इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. म्हणून वारंवार इंजेक्शन घेणे हिताचे नाही.

शस्त्रक्रिया कोणाला?

सहा ते बारा महिने योग्य उपचार करूनही वेदना काम करू देत नसेल, तरच अस्थिरोगतज्ज्ञ शस्त्रक्रियेचा विचार करतात. तत्पूर्वी मानेच्या मणक्यातील दोष, हाताच्या नसेवरील दाब किंवा सांध्याचा विकार नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. निदान चुकले, तर शस्त्रक्रियाही निष्फळ ठरते.

खुल्या पद्धतीत कोपरावर लहान छेद घेऊन कंडरेचा जीर्ण भाग काढून टाकला जातो. दुर्बिणीद्वारे हेच काम आणखी लहान छिद्रांतून होते. दीर्घकालीन परिणामांत दोन्ही पद्धती साधारणपणे तुल्यबळ आहेत. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतात. जंतुसंसर्ग, नसेला इजा, सांध्याचा ताठरपणा किंवा अस्थिरता हे संभाव्य धोके होत.

यश किती?

सचिन तेंडुलकर यांच्या डाव्या कोपरावर मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या एकदिवसीय सामन्यात श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून ते परतले आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत त्यांनी विक्रमी ३५वे कसोटी शतक झळकावले. अमेरिकेतील निर्शल व पेट्रोन यांनी १९७९ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ८८ कोपरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के रुग्ण पूर्ववत कामाला लागले होते. मात्र ऑस्ट्रेलियातील २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात, २६ रुग्णांपैकी काहींवर खरी शस्त्रक्रिया व इतरांवर केवळ त्वचेचा छेद घेण्यात आला, तेव्हा दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. काळानेही बराच गुण येतो, असे यावरून दिसते.

कामावर परतताना

टाके साधारणतः १० ते १४ दिवसांत निघतात. स्नायूंना बळ देणारे व्यायाम सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतात. जड कामासाठी तीन ते सहा महिने लागू शकतात. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. परंतु तिची मर्यादा वर्षाला ९१ दिवस आहे. जड काम करणाऱ्याची विश्रांती त्याहून लांबू शकते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांकडून परतीचा अपेक्षित कालावधी लेखी घेऊन त्या काळात हलके काम मिळेल का, हे कारखान्यात विचारून ठेवावे. घाईने जुन्याच कामावर, जुन्याच पद्धतीने परतल्यास कंडरेवर पुन्हा तोच ताण येतो.