स्ट्रेप्टोकायनेज : दुसऱ्या झटक्यात औषध निष्प्रभ का ठरते?

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविण्यासाठी दिले जाणारे स्ट्रेप्टोकायनेज हे तुलनेने स्वस्त औषध आहे. चंडीगडच्या 'इमटेक' संस्थेने त्याचे देशी तंत्रज्ञान विकसित केले. घनसावंगी वा मंठा तालुक्यातील खेड्यातून जालना किंवा सुमारे ६० किलोमीटर पुढे छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत मोलाचा वेळ जातो. अँजिओप्लास्टी वेळेत शक्य नसेल, तेव्हा अशा औषधांचे महत्त्व वाढते.

विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा हा गुणधर्म नोंदविला. इटलीतील 'गिसी' चाचणीत (१९८६) सुमारे १२ हजार रुग्णांचा अभ्यास झाला. औषध घेतलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले.

प्रतिपिंडे कशी तयार होतात?
हे जिवाणूजन्य प्रथिन असल्याने शरीर त्याला परके मानते. घशाचा वा त्वचेचा स्ट्रेप्टोकॉकस संसर्ग होऊन गेलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच थोड्याफार प्रमाणात असतात. नेहमीची १५ लाख युनिटची मात्रा ती गृहीत धरूनच दिली जाते. मात्र औषध दिल्यानंतर काही दिवसांतच प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात आणि काही रुग्णांत अनेक वर्षे टिकतात. पुन्हा तेच औषध दिल्यास ते निष्प्रभ ठरू शकते. ॲलर्जीचाही धोका संभवतो.

मोजमाप कसे होते?
'एलायझा' चाचणीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर स्ट्रेप्टोकायनेजचा थर देऊन त्यावर रुग्णाचे रक्तजल टाकतात. चिकटलेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण रंगाच्या गडदपणावरून कळते. पण ती औषधाला कितपत अडवितात, हे त्यातून समजत नाही. त्यासाठी रुग्णाच्या रक्तद्रवाची गुठळी विरघळविण्यास किती औषध लागते, हे प्रयोगशाळेत पाहिले जाते. प्रयोगशाळांत सर्रास होणारी 'एएसओ' चाचणी वेगळी आहे. ती याच जिवाणूच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मोजते.

रुग्णांनी काय करावे?
झटक्याच्या वेळी या तपासण्यांना सवड नसते. म्हणून पूर्वीच्या उपचाराची नोंद हाच आधार ठरतो. स्ट्रेप्टोकायनेज घेतलेल्यांनी औषधाचे नाव व तारीख असलेला कागद जवळ बाळगावा आणि घरच्यांनाही माहिती द्यावी. अशा रुग्णांसाठी टेनेक्टेप्लेज वा अल्टेप्लेज हे पर्याय आहेत. ती मानवी प्रथिनावर आधारित असल्याने स्ट्रेप्टोकायनेजविरोधी प्रतिपिंडे त्यांना अडवीत नाहीत.